मंगळवारची देणगी

बिबवेवाडीतल्या आमच्या बागेत रोज सकाळी जो हास्यक्लब भरतो, त्याचा मी संस्थापक, संचालक आणि मुख्य हसणारा. माझं हसणं एवढं मोठं की पहिल्याच वर्षी मार्केट यार्डातले हमाल भोंगा वाजला समजून पोती टाकून जेवायला गेले होते. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण ज्याने मला हे सांगितलं त्याला मीच सांगितलं होतं, तेव्हा बातमी पक्की आहे.

माझी बायको मात्र काटकसरीने हसते. वर्षातून एकदा, तेही बहुधा माझं पाकीट चोरीला गेल्यावर. तिचा व्यवसाय लोकांची आयकराची विवरणपत्रं भरून देण्याचा. त्यासाठी तिने सरकारी प्रशिक्षण घेतलं, परीक्षा दिली आणि फोटो-नंबर असलेलं ओळखपत्र मिळवलं. त्या फोटोत ती अशी बघते की समोरचा माणूस न विचारता दडवलेलं व्याज कबूल करतो. तिची पद्धत ठरलेली. आधी कार्ड दाखवायचं, मग चहा, मग कागद. आणि पासवर्ड टाकायची वेळ आली की ती उठून गॅलरीत जाते आणि तुळशीकडे तोंड करून उभी राहते.

"तुमचा पासवर्ड तुम्ही टाका. मला कळता कामा नये," ती पाठमोरी सांगते.

लोकांना वाटतं, बाईंना राग आला. आमची तुळस मात्र ह्या पद्धतीमुळे फोफावली आहे. विवरणपत्रांची गर्दी असते त्या जुलै महिन्यात तर ती पहिल्या मजल्यावरच्यांच्या खिडकीत शिरते.

क्लबात एक ताई यायच्या. सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक, येत्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होत्या. रोज वेळेवर यायच्या, हात वर करायच्या, टाळ्या वाजवायच्या, पण हसायच्या नाहीत. मी त्यांच्यासमोर नमस्ते-हास्य केलं, मिक्सर-हास्य केलं, सिंह-हास्य करताना तर जीभ एवढी बाहेर काढली की एक कावळा तिच्यावर बसायला आला होता. ताई ढिम्म.

"ताई, निदान थोडं तरी!" मी म्हणायचो.

"हसले ना, दादा. मनात."

"आवाज नाही आला."

"सरकारी आहे. वेळ लागतो."

त्यांच्याबरोबर त्यांचा धाकटा भाऊ यायचा. वय पन्नाशीचं, पण बुद्धीची वाढ लहानपणीच थांबलेली. चार-सहा शब्द बोलायचा, बाकी सगळं हातवाऱ्यांनी. आई-वडील गेल्यापासून ताईच त्याचं करत होत्या. "भावासाठी लग्न केलं नाही बिचारीने," असं कोणी हळहळलं की ताई म्हणत, "बघायला आले त्यांना भाऊ नको होता. मला ते नको होते. विषय संपला."

बागेतल्या पाठ असलेल्या एकुलत्या एका बाकावर हा भाऊ बसायचा, म्हणून आम्ही त्याला अध्यक्ष म्हणायचो. अध्यक्षांची एक तऱ्हा होती. आमच्या हास्याच्या प्रकारांना ते अजिबात हसत नसत. पण मी काही सांगायला लागलो, उदाहरणार्थ, "तरुणपणी मी सिंहगड उलट्या पावलांनी चढलो आणि वर जाऊन कळलं की उतरलोय," की अध्यक्ष खो-खो हसत. खरं बोललो की गप्प. भामटेपणाला चपराक बसावी तसं त्यांचं हसू नेमकं थापेवर पडायचं.

"ह्याला अंतर्ज्ञान आहे," मी घरी जाहीर केलं.

"अंतर्ज्ञान कसलं? थाप मारताना तुमचा आवाज चढतो आणि छाती पुढे येते. ती गंमत बघून तो हसतो," बायको म्हणाली. "इतक्या वर्षांत मला जमलं नाही, एवढंच."

तर अशा ह्या सुखी क्लबात एक दिवस रिफंडवाला आला.

हडपसरला ज्यूस सेंटरच्या वर त्याचं ऑफिस. पांढरा शर्ट, तीन मोबाइल, आणि तोंडात एकच मंत्र : "काका, टेन्शन घेऊ नका, मी बसलोय ना!" तो जिलबीचा पुडा घेऊन यायचा, आमच्याबरोबर हसायचा आणि जाताना आधार आणि पॅनची झेरॉक्स घेऊन जायचा. महिन्याभरात लोकांच्या खात्यात रिफंड यायला लागले. मिळालेल्या रिफंडातला ठरलेला हिस्सा त्याला द्यायचा, की झालं. क्लबातल्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. माझ्या बायकोची गिऱ्हाइकं एकेक करून त्याच्याकडे गेली.

"वहिनींकडे गेलं तर काय मिळतं?" एक जण मला म्हणाला. "पोचपावती! आणि वर शंभर प्रश्न. हा काही म्हणजे काही विचारत नाही."

वर्षभर तो बागेत दिसला की बायको एकच प्रश्न विचारायची : "तुमचं कार्ड?" त्यावर त्याने एकदा खिशातून काढून दाखवलं ते वाहन चालवण्याचं लायसन होतं. बायकोने ते नीट वाचलं आणि परत दिलं. "हे दुचाकीचं आहे," ती म्हणाली. "लोकांची आयुष्यभराची कमाई ह्याच्यावर नेता येत नाही."

मला तिचं म्हणणं तेव्हा पटलं नव्हतं, पण आता पटतं. रिक्षा चालवायची तर बॅज लागतो. पाणीपुरीची गाडी लावायची तर अन्नाचा परवाना लागतो. आमच्या कोपऱ्यावरच्या कुत्र्याला पट्टा आणि नोंदणी आहे. पण तुमच्या नावाने, तुमच्या सहीने, सरकारसमोर तुमची सगळी मिळकत मांडायची तर? तीन मोबाइल आणि जिलबी पुरे.

दिवाळी झाली आणि फुगा फुटला. क्लबात एक निवृत्त बँकवाले आजोबा आहेत. ते रिफंडची फुशारकी मारता मारता बायकोच्या तावडीत सापडले. तिने त्यांना रिफंडवाल्याकडून हट्टाने मागून घेतलेली विवरणपत्राची प्रत फोनवर उघडायला लावली, चष्मा वर केला आणि शांतपणे विचारलं, "तुमच्यावर अवलंबून असलेली दिव्यांग व्यक्ती कोण?"

"माझ्यावर? कोणी नाही."

"इथे मुलगा लिहिलंय."

"मुलगा तर न्यू जर्सीत असतो! धडधाकट आहे." मग आजोबांना आठवलं. "बापाला फोन करता येत नाही त्याला. ते धरतात का?"

"नाही धरत," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अख्खा क्लब हसणं सोडून हिरवळीवर मांडी घालून बसला. आपापलं विवरणपत्र बघायचं म्हटलं तर कोणालाच आत शिरता येईना. खातं ह्यांचं, पण त्यावरचा ईमेल रिफंडवाल्याचा, मोबाइल नंबर रिफंडवाल्याचा आणि पासवर्डही त्याचाच. सरकारकडून आलेल्या सूचना, विचारणा, सगळं काही त्या तीन मोबाइलांवर जाऊन बसलं होतं. घर आपलं, दारावरची पाटी आपली, आणि किल्ली पाहुण्याच्या खिशात!

"पासवर्ड विसरलो, असं दाबा," बायको उभी राहून सांगू लागली. "आधारला जोडलेल्या तुमच्या मोबाइलवर ओटीपी येईल. तो कोणाला सांगू नका. मला सुद्धा नाही. ह्यांना तर मुळीच नाही." ह्यांना म्हणजे मला.

मग नवा पासवर्ड टाकायची वेळ आली, तशी ती सवयीने वळली आणि कडुनिंबाच्या खोडाकडे तोंड करून उभी राहिली. हिरवळीवर अर्धा क्लब चष्मे सावरत बोटं चालवतोय, फोन चिमण्यांसारखे चिवचिवताहेत आणि समोर पाठमोरी माझी बायको! मी शपथेवर सांगतो, त्या दिवशी कडुनिंबाला भर थंडीत पालवी फुटली. अध्यक्षांनी माझ्याकडे बघून हसायला सुरुवात केली, म्हणून ही गोष्ट इथेच सोडतो.

एकमेकांची विवरणपत्रं पडताळली तेव्हा कर कमी दाखवायची रिफंडवाल्याची पद्धत उघडी पडली. सोमवारी कागद दिलेल्या सगळ्यांना दिव्यांग नातेवाईक. मंगळवारी दिलेल्या सगळ्यांनी राजकीय पक्षाला देणगी दिलेली. बुधवारवाले स्वतःच्या घरात राहून कोणा अज्ञात माणसाला घरभाडं देणारे. खाणावळीतल्या फळ्यासारखं! सोमवारी मटकी, मंगळवारी वांगं.

"म्हणजे आमचं हे भरलं कोणी, बघितलं कोणी?" एक जण कळवळून म्हणाला.

"भरलं त्याने. सही तुमची आहे," बायको म्हणाली. "फरकाचा कर आणि व्याज भरा, सुधारून द्या. डिसेंबर संपायच्या आत जमतं. घाबरायचं काम नाही, पळायचं पण नाही."

सगळे कुरकुरत तयार झाले. ताई मात्र फोनकडे बघत बसून राहिल्या होत्या. मी जवळ गेलो. त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. त्यांचे कागद मंगळवारी गेले होते. एका राजकीय पक्षाला एक लाखाची देणगी.

बाकीच्यांना कुरकूर करून सुटण्यासारखं होतं. ताईंचं तसं नव्हतं. सरकारी नोकराने राजकीय पक्षाला पैसे देणं नियमात बसत नाही. त्या आयुष्यभर आस्थापना विभागात बसलेल्या, दुसऱ्यांच्या चौकशीच्या फायली त्यांनीच बांधलेल्या. निवृत्तीच्या तोंडावर चौकशी लागली की काय होतं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

"पेन्शन अडकते, दादा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "वर्षानुवर्षं अडकते. माझं एकवेळ भागेल. ह्याचं काय करू?" आणि त्यांनी बाकाकडे पाहिलं. अध्यक्ष त्यांना बघून हात हलवत होते.

त्या संध्याकाळी ताई आमच्या घरी आल्या. बायकोने आधी कार्ड दाखवलं. मी म्हटलं, "अगं, त्या तुला किती वर्षं ओळखतात!" तर म्हणाली, "ओळखीवर विसंबूनच तर रिफंडवाल्याकडे गेल्या." मग चहा. मग कागद.

"ही देणगी काढून टाकायची आणि सुधारित विवरणपत्र द्यायचं. ते पहिल्याची जागा घेतं," बायको म्हणाली. "आता मला सांगा, भावाचा दाखला आहे?"

"आहे ना. सरकारी दवाखान्याचा. ऐंशी टक्क्यांच्या वरचा. कार्ड पण आहे."

"मग त्याच्यासाठी मिळणारी वजावट कधीच का नाही घेतली?"

ताई म्हणाल्या, "त्याच्या नावावर पैसे मागायचे? भावाचं दुखणं दाखवून सूट घ्यायची? मला ती भीक वाटते, वहिनी."

माझ्या बायकोला भाषणं येत नाहीत. ती उठली, कायद्याचं जाडजूड पुस्तक काढलं, पान उघडून ताईंच्या पुढ्यात ठेवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. त्यात अवलंबून असलेल्या नातेवाइकांची यादी होती. पती-पत्नी, मुलं, आई-वडील, भाऊ, बहीण.

"भीक कायद्यात छापत नाहीत," एवढंच म्हणाली.

ताईंनी ती ओळ दोनदा वाचली. वकिलाने वाचावी तशी, बोट फिरवत. त्यांच्या घरात शिक्षण आलं ते वडिलांपासून. वडिलांनी तरुणपणी दीक्षाभूमीवर धम्म घेतला आणि नंतर सगळी नोकरी मान वर करून केली. "आमचे वडील म्हणायचे," ताई पुस्तकाकडे बघत म्हणाल्या, "हक्क मागताना आवाज खाली आणायचा नाही. मी लोकांना हे सांगत आले आणि स्वतःच्याच भावाच्या बाबतीत विसरले की!" त्यांनी चहा संपवला. "लिहा, वहिनी."

"मी नाही लिहीत. मी सांगते, तुम्ही भरा," बायको म्हणाली आणि तुळशीकडे तोंड करून उभी राहिली.

विवरणपत्र भरून तयार झालं, पण ताईंनी शेवटचं बटण दाबलं नाही. "सकाळी दाबते," म्हणाल्या. सरकारी माणूस. एक रात्र फाइल टेबलावर राहिल्याशिवाय पुढे सरकत नाही.

आणि सकाळी बागेत रिफंडवाला हजर. त्याच्या तिन्ही मोबाइलांवर सगळ्यांचे पासवर्ड बदलल्याचे संदेश पोचले होते. जिलबी नव्हती. तो तडक ताईंकडे गेला, कारण घाबरणारं माणूस त्याला लांबून ओळखू यायचं.

"मॅडम, रिव्हाइज-बिव्हाइज करू नका हं. उगाच डिपार्टमेंटच्या नजरेत याल. एकदा फाइल उघडली की तुमच्या ऑफिसपर्यंत जाते."

ताईंनी बटणावर नेलेलं बोट मागे घेतलं. माझं हसू घशात अडकलं, आणि माझ्या घशात काही अडकलं म्हणजे प्रसंग किती बाका असेल ते ओळखा.

बायको पुढे आली. "तुमचं कार्ड?" तिने विचारलं.

"मॅडम, मला कार्डाची गरजच नाही!" त्याने छाती पुढे काढली. "मोठमोठे सीए मला विचारून काम करतात!"

बाकावरून हसू आलं. अध्यक्ष.

रिफंडवाल्याने तिकडे दुर्लक्ष केलं. "आयकर भवनातले साहेब माझ्या खास ओळखीचे!" त्याचा आवाज आणखी चढला.

अध्यक्ष आणखी मोठ्याने हसले. आता त्यांना मजा यायला लागली होती.

"आजपर्यंत माझं एकही काम रिजेक्ट झालेलं नाही!"

अध्यक्ष टाळ्या वाजवत, पाय आपटत हसू लागले. एक आजी पदर तोंडाला लावून फिसकन हसल्या. बँकवाले आजोबा हसले. मग मी बांध सोडला, आणि बागेत असं हसू उसळलं की कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातल्या वाघाने उत्तर दिलं म्हणतात.

रिफंडवाला संतापून बाकाकडे वळला. "हा कोण हसतोय वेड्यासारखा?"

हसू थांबलं. ताई उठल्या. चालत जाऊन भावाच्या शेजारी उभ्या राहिल्या, त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"हा माझा भाऊ," त्या म्हणाल्या. आवाज खाली नव्हता. "रोज ह्याच्या हातात तुम्ही जिलबी दिलीत. ह्या बागेतल्या निम्म्या लोकांना तुम्ही कागदावर दिव्यांग नातेवाईक दिलेत. माझ्याकडे खरा आहे. मला एकदा विचारलं असतंत, तर खोटं लिहावं लागलं नसतं. पण तुम्ही विचारत नाही ना काही!"

आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी फोनवरचं ते बटण दाबलं. पुढच्या ओटीपीची आम्ही एवढ्या शांततेत वाट पाहिली की झाडावरची खार सुद्धा थांबली. फोन वाजला. ताईंनी आकडे टाकले. बायको कडुनिंबाकडे तोंड करून उभी होती.

"झालं का?" तिने पाठमोरीच विचारलं.

"झालं," ताई म्हणाल्या. त्याच दिवशी कचेरीत जाऊन त्यांनी साहेबांना स्वतःच्या हाताने अर्ज दिला : माझ्या विवरणपत्रात माझ्या नकळत खोटी देणगी दाखवली होती, मी ती काढून सुधारित विवरणपत्र दिलं आहे. साहेबांनी वाचलं, कोपऱ्यात "नोंद घेतली" असं लिहून सही केली. सरकारी भाषेत ह्याच्यापेक्षा गोड शब्द नाहीत.

आता खरी गंमत ऐका, आणि इथे मी काडीचीही भर घालत नाही. रिफंडवाल्याने खोटी देणगी दाखवली होती एक लाखाची. भावासाठी कायद्याने मिळणारी वजावट होती सव्वा लाखाची. वजावटी मिळणारी जुनी करपद्धतच त्याने निवडली होती, कारण नव्या पद्धतीत थापा मारायला जागा कमी. म्हणजे खोटं बोलून ताईंना जेवढा रिफंड मिळाला, त्यापेक्षा खरं बोलून जास्त मिळाला! चोराने चोरी केली ती हक्काहून कमी, आणि वर त्यातला हिस्साही घेतला. वाढीव रिफंड खात्यात जमा झाला त्या सकाळी ताईंनी बागेत येऊन मला संदेश दाखवला. वाचून मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या शेजारून एक आवाज आला. आधी वाटलं पंप सुरू झाला. ताई हसत होत्या. इतक्या वर्षांचं मनात साठलेलं एकदम बाहेर पडत होतं. सरकारी होतं, वेळ लागला होता.

त्यानंतर आमच्या क्लबात हास्याचे दोन नवे प्रकार सुरू झाले. ओटीपी-हास्य, म्हणजे तोंडावर हात ठेवून, कोणाला आवाज जाऊ न देता हसायचं. आणि कार्ड-हास्य : समोरच्यापुढे तळहात पसरून "तुमचं कार्ड?" विचारायचं आणि तो दाखवू शकला नाही की हसायचं. दर रविवारी हास्यानंतर बायको अर्धा तास शिकवते. बाकावर तिच्या शेजारी ताई बसतात आणि कोणी "आम्हाला काय कळतंय त्यातलं" म्हणालं की त्याला पुढे ओढतात. आजूबाजूच्या चार बागांतून लोक येतात. मी चाळीस बागा सांगतो.

रिफंडवाल्याला एकदा मंडईत पाहिलं, गवारीच्या ढिगासमोर. बायकोला बघून पिशवी सावरत म्हणाला, "मॅडम, ती कार्डाची परीक्षा कधी असते हो?"

"आधी स्वतःचं विवरणपत्र भरा," बायको म्हणाली. "खरं."

मे महिन्यात ताई निवृत्त झाल्या. चौकशी नाही, अडकणं नाही. पेन्शनचा आदेश निरोप समारंभातच हातात पडला. कचेरीच्या सभागृहात पहिल्या रांगेत, पाठ असलेल्या खुर्चीवर, नवा शर्ट घालून अध्यक्ष बसले होते. ताईंनी क्लबातर्फे मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी माइक हातात घेतला, छाती पुढे काढली आणि सुरुवात केली.

"मित्रहो, ह्या सगळ्या प्रकरणाचा पहिला संशय मला आला होता."

पहिल्या रांगेतून हसू आलं.

"मीच ताईंना धीर दिला."

हसू वाढलं. ताईही हसू लागल्या, आवाजासकट.

"आणि कायद्याचं ते कलम मीच शोधून काढलं!"

अख्खं सभागृह हसलं. मागच्या रांगेत माझी बायको बसली होती. पाकीट माझ्या खिशातच होतं, मी चाचपून पाहिलं. पण ती हसत होती.